राणीची शिवी

सासूबाई शारजाच्या आमच्या फ्लॅटवर पहिल्यांदा आल्या, त्या हिवाळ्यात मी रोज संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता एक इटालियन ऑपेरा ऐकत होते. हौस म्हणून नव्हे, काम म्हणून.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. बर दुबईतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी सेक्रेटरी होते. बॉस इंग्रज, आणि त्याच्या बायकोला गाण्याचं वेड. हॉस्पिटलातल्या नर्सेस, शाळांतल्या शिक्षिका, बँकेतले साहेब असे गोळा करून मॅडम एक गायनमंडळ चालवायच्या. त्या वर्षी मंडळाने एक अख्खा ऑपेरा करायचा घाट घातला. पोशाख नाहीत, पडदे नाहीत. एक पियानो आणि उभी राहून गाणारी माणसं. पण इटालियन कळणारं श्रोत्यांत कोण असणार? म्हणून मॅडमनी ठरवलं, की इंग्रजी अर्थ पारदर्शक शीटवर टाइप करायचा आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवायचा. टाइप करणार मी, आणि गाणं चालू असताना शीट बदलणारही मीच.

"मॅडम, मला इटालियन येत नाही," मी म्हटलं.

"इथे कोणाला येतं? कान उघडे ठेव, बस." असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर कॅसेटी ठेवल्या.

गोष्ट दोन राण्यांची होती, नात्याने बहिणीच. एक आपलं राज्य गमावून दुसरीच्या आश्रयाला येते आणि कैदेत पडते. वर्षं जातात. शेवटी एक सरदार मध्यस्थी करून दोघींची बागेत भेट घडवून आणतो. कैदी राणी गुडघे टेकते, क्षमा मागते. राज्य करणारी तिला हिणवते, टोचून टोचून बोलते. तेव्हा ही उठते आणि तोंडावर तिच्या जन्माचा उद्धार करते. त्या एका शिवीने तिचं मरण ठरतं. दुसरी थोडी अडखळते, पण फर्मानावर सही करते. मग प्रार्थना, निरोप, तोफांचे आवाज, आणि राणी वधस्तंभाकडे चालत जाते.

सासूबाई सावंतवाडीच्या. मी मिरजेची. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण आम्ही दोघी एका घरात सलग आठवड्याहून जास्त कधी राहिलो नव्हतो. त्या मुळात कमी बोलणाऱ्या. भांडण नव्हतं, पण जवळीकही नव्हती. मी कारलिफ्टने, म्हणजे महिन्याचे पैसे भरून चौघांत वाटून घेतलेल्या गाडीने, अल कुसैसच्या जॅममधून आंबून घरी यायची, तोवर त्यांनी कुकर लावलेला असायचा. "आलीस?" "हो आई." आणि पुढे शांतता. माझी मुलगी त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची आणि त्या तिला मराठीत उत्तर द्यायच्या. त्यांचं मात्र छान जमलं होतं.

आठवडाभर कॅसेट ऐकल्यावर एके संध्याकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"ही बाई इतकी का रडते गं?"

मी गोष्ट सांगितली. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "चूक हिचीच. दुसरीने काय करायचं होतं? राज्य चालवायचं तर सही करावीच लागते."

मला हे अपेक्षित नव्हतं. कॅसेट ऐकणारं कोणीही कैदेतल्या राणीच्याच बाजूने होईल, असं मी धरून चालले होते. तिच्या वाट्याला गाणी कशी दिलीत! पण सासूबाई हटेनात. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्या आधी कॅसेट लावून बसू लागल्या. थोड्याच दिवसांत त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळायला लागलं. "आता गुडघे टेकणार," त्या पुटपुटायच्या, "आता उठली बघ." मी हातातलं लाटणं ठेवून शीटचा नंबर पाहायची, तर बरोबर तीच जागा.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मॅडम या ऑपेराचा इतिहास सांगायच्या आणि संध्याकाळी मी तो सासूबाईंना सांगायची. पहिल्यांदा नेपल्समध्ये बसवला, तेव्हा तालमीतच दोघी गायिका त्या शिवीवरून खरोखरीच्या एकमेकींच्या अंगावर गेल्या म्हणे. एकीला वाटलं, दुसरी नाटकातलं नाही, मनातलं बोलते आहे. पुढे तिथल्या राजाने प्रयोगच होऊ दिला नाही. संगीतकाराने तीच गाणी दुसऱ्याच कुठल्या गोष्टीला चिकटवून वेळ निभावली. नंतर मिलानमध्ये मूळ रूपात झाला. तिथल्या अधिकाऱ्यांनी शिवी बदलायला सांगितलं, पण राणी झालेल्या नामांकित गायिकेने भर रंगमंचावर मूळ शब्दच म्हटला. झालं, थोड्याच प्रयोगांत पुन्हा बंदी. मग हळूहळू तो मागे पडला, लोक विसरले. शंभराहून अधिक वर्षांनी इटलीतल्या एका शहरात तो पुन्हा उभा राहिला आणि आता जगभर होतो.

"एका शब्दापायी एवढं?" सासूबाई म्हणाल्या.

"आणि गंमत म्हणजे आई, खऱ्या दोघी राण्या आयुष्यात एकदाही भेटल्या नव्हत्या. ती बागेतली भेट लेखकाची."

त्यांनी कॅसेट थांबवली. मग म्हणाल्या, "तोंड पाहिलं नव्हतं, म्हणून तिच्याच्याने सही झाली."

प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात मॅडमनी सगळ्या शीट तपासल्या आणि त्या शिवीपाशी थांबल्या. कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. लोक मुलाबाळांना घेऊन येणार. "हा शब्द शाळेच्या भिंतीवर नको," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. "बघ, अजून तेच चाललंय." गायिका गाईल मूळ शब्द, तो कोणाला कळणार? पण भिंतीवर काहीतरी सौम्य लिही, असं ठरलं. मी 'दुष्ट बाई' लिहून पाहिलं, 'कपटी राणी' लिहून पाहिलं. इंग्रजीत ते आणखीच बावळट दिसत होतं.

शुक्रवारी नवरा मुलीला घेऊन खाली गेला होता. आम्ही दोघी बांगडे साफ करत होतो. माझी अडचण मी सासूबाईंना सांगितली. त्यांनी हातातला बांगडा धुऊन ताटात ठेवला, दुसरा घेतला आणि खाली मान घालूनच बोलू लागल्या.

"तुझे सासरे गेले, तेव्हा तुझा नवरा शाळेत होता. दीर, जाऊ, आम्ही सगळे एकत्र. जाऊ माझ्याहून लहान. मी तिला डोक्यावर चढवली असं सगळे म्हणायचे. पण मी बोलत होते तिला, नाही असं नाही. ताक आंबट का, दिवा उशिरा का. रोजचं काहीतरी. एका गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं. मी सगळ्यांसमोर तिचा मोदक फुटला म्हणून हसले. तेव्हा ती उठली आणि बोलली."

"काय बोलल्या?"

"ते तोंडाने सांगायचं नसतं. विधवेला जे बोलतात ते." त्यांनी नळ सोडला, बंद केला. "विसर्जन झालं आणि मी दोघांना वेगळं काढलं. घर माझ्या नावावर होतं. दीर पाया पडले. मी ऐकलं नाही."

"मग?"

"मग काय? बाजाराच्या मागे बिऱ्हाड केलं त्यांनी. एकाच गावात राहून मी तिचं तोंड पाहिलं नाही. ती या रस्त्याने, तर मी त्या. दीर गेले तेव्हाही बाहेरच्या बाहेर उभी राहून आले." जरा थांबून त्या म्हणाल्या, "केलं ते बरोबरच केलं. तशी घरं चालत नाहीत. पण त्या दिवशी ती बैलगाडीत भांडी भरत होती ना, तेव्हा मी माडीवर जाऊन दार लावून बसले. बघवलं नाही मला."

नवऱ्याने हे मला कधीच सांगितलं नव्हतं. कदाचित त्याला काका 'सोयीसाठी वेगळे झाले' एवढंच ठाऊक असेल. मी पुढचा बांगडा साफ करायला घेतला.

"तू तिथे काही लिहूच नकोस," त्या एकदम म्हणाल्या. "कोरी ठेव. शिवी कळायला भाषा लागते होय?"

मॅडमना ते पटलं.

गुरुवारी संध्याकाळी हॉल बऱ्यापैकी भरला होता. मी बाजूला प्रोजेक्टरपाशी, मांडीवर शीटांचा गठ्ठा. दिव्याच्या उष्णतेने शीट कडेने वळत होत्या, त्या बोटांनी दाबून धराव्या लागत. सासूबाई तिसऱ्या रांगेत, मोरपिशी रेशमी साडी, वर माझ्या नवऱ्याचं स्वेटर, कारण ए.सी. मरणाचा होता. कैदी राणी झाली होती एक गोव्याची बाई, दुबईतल्याच एका शाळेत संगीत शिकवणारी. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, साधा काळा ड्रेस घातलेली. तालमीत मला ती फार सौम्य वाटली होती.

बागेचा प्रवेश आला. ती खरंच गुडघ्यांवर बसली. दुसरी राणी, एक उंच इंग्रज नर्स, तिच्याकडे न पाहता गात होती. मग ही उठली. मी कोरी शीट ठेवली. भिंतीवर नुसता पांढरा उजेड. आणि त्या उजेडासमोर तिने तो शब्द टाकला. आवाज चढवून नव्हे, खाली आणून, एकेक अक्षर सुटं करून. हॉलमध्ये कोणीतरी मोठ्याने श्वास ओढला. त्या शांततेत माझ्या मुलीचा आवाज आला, "आजी, व्हॉट डिड शी से?"

"वाईट बोलली," सासूबाई म्हणाल्या.

शेवटची प्रार्थना सुरू झाली तेव्हा शीट बदलता बदलता माझं लक्ष तिसऱ्या रांगेकडे गेलं. सासूबाई भिंतीकडे बघतच नव्हत्या. त्या उंच नर्सकडे बघत होत्या, जी आपलं गाणं संपवून कडेच्या खुर्चीवर हात बांधून बसली होती.

कार्यक्रम संपल्यावर मी वायर गुंडाळत होते. बाहेर कॉरिडॉरमध्ये गोव्याची बाई बूट काढून बाकावर बसली होती. सासूबाई सरळ तिच्यापाशी गेल्या.

"दमलंस गो बाय?"

ती चमकून वर पाहू लागली, मग तिचा चेहरा उजळला आणि दोघींचं मालवणी-कोंकणी सुरू झालं. मी तिथे पोचले तेव्हा सासूबाई विचारत होत्या, की तसलं बोलताना कसं वाटतं.

"उलयताना बरें दिसता," ती म्हणाली. "उपरांत भंय दिसता." बोलताना बरं वाटतं, मागून भीती वाटते. सासूबाईंनी मान डोलावली आणि तिच्या गुडघ्यावर थोपटलं. गुडघे टेकून टेकून तिचे लांब मोजे तिथे विरले होते.

घरी परतताना गाडीत मुलगी झोपली. नवरा म्हणाला, "आई, मजा आली का? की कंटाळलीस?" "बरं होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

व्हिसा संपला आणि त्या गावी गेल्या. महिनाभराने फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, फोन तिला दे. ते आजवर कधी घडलं नव्हतं.

"जाऊन आले तिच्याकडे, बाजाराच्या मागे," त्या म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?"

"सगळं म्हणाली. इतक्या वर्षांचं. आधी दारातच, मग आत बसवून. मी मध्ये बोलले नाही."

"आणि मग?"

"मग चहा केला तिने. साखर जास्त होती, पण प्यायले."

त्यानंतर त्या दोघी काही जिवाभावाच्या झाल्या नाहीत. वाटेत भेटल्या तर थांबायच्या, सणाला एकमेकींकडे ताट पाठवायच्या, एवढंच. मंडळाने पुढे ऑपेरा केला नाही. मॅडम इंग्लंडला परतल्या, गोव्याची बाई लग्न करून मस्कतला गेली. दोन हजार सालानंतर कधीतरी सासूबाईंच्या त्या जावेच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. आमंत्रण शारजाला आमच्या नावेही आलं, पण दोघांनाही रजा मिळाली नाही. सासूबाई गेल्या. हळदीच्या आदल्या दिवशी गेल्या आणि लग्नानंतरची पूजा आटोपल्यावरच परत आल्या.