बाबांची किडनी आणि माझी खंडेनवमी

आधी कबूल करा, हसणार नाही. मग चहा ओता. कारण या किश्शात माझे बाबा जवळजवळ गेलेच होते, आणि त्यांना धाडणारी मीच!

मी पीएचडीसाठी डीएनएचे सेन्सर बनवते. म्हणजे काय, तर डीएनएचे धागे कागदासारखे दुमडून त्यांची इवलीशी पेटी करायची. हवा तो रेणू भेटला की पेटी उघडते आणि हिरवी चमकते. माझी पेटी जे प्रथिन शोधते, ते किडनी बिघडायला लागली की लघवीत उतरतं. हा विषय मी उगाच नाही घेतला. माझे काका किडनीनंच गेले.

बाबा भांडुपच्या एका वर्कशॉपात लेथवर. दर खंडेनवमीला लेथला हळदकुंकू, झेंडूचा हार. मग मीच का मागे राहू? लॅबमधलं चमक मोजायचं मशीन हे माझं हत्यारच की! नमुना ठेवायच्या खणात श्रद्धेनं हळदीचं बोट लावलं.

दसरा झाला. मोठ्या हौसेनं पहिला नमुना बाबांचाच लावला. खण आत गेला आणि पडद्यावर... हिरवंगार!

मशीन तसंच सोडून मी घर गाठलं हो.

घरी सांगितलं. आईनं मिठाची बरणी कपाटात कोंडली. मीठ, पापड, सुकट, सगळं बंद! घाटकोपरची आत्या रडतच आली. बाबा अळणी भात गिळत म्हणाले, "माझ्या लेथला कुणीतरी तेल घालत जा गं. मी नसलो की कुरकुरते ती." मी मोरीत जाऊन रडले. खरंच रडले.

सोमवारी आमच्या गाइड मॅडमना सगळं सांगितलं.

"नुसतं पाणी लावून बघितलंस?"

कुठलं बघतेय! लावलं. हिरवंगार.

"अरेरे," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पाण्याचीही किडनी गेली वाटतं."

खण उघडला. तळाशी माझं पिवळं बोट! मशीनच्या निळ्या उजेडात हळद हिरवी चमकते, हे मला चांगलं ठाऊक होतं बरं का! खण पुसून बाबांचा नमुना पुन्हा लावला. काही म्हणजे काही चमकलं नाही. बाहेर करून घेतलेला रिपोर्टही स्वच्छ आला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "आधी सुकट भाज," आईला म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"पूजेला ठेवलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं. माहितीये ना?"

"हो, बाबा."

"मग मशीनला कशाला हळद लावतेस? तुझं डोकं बारा महिने पूजेलाच ठेवलंय की!"