साहेबाच्या अहवालातला शब्द

कुंताबाई बावीस वर्षं मँगनीजच्या खाणीवर दगड निवडत होती. उन्हात उकिडवं बसायचं, हातोडीनं ढेकूळ फोडायचं, तुकडा तळहातावर तोलून बघायचा. जड तो टोपलीत, हलका तो मागं. डोळे मिटले तरी तिचा हात चुकत नसे.

अठ्ठ्याहत्तर साली निवडणीचं यंत्र आलं आणि माणसं कमी झाली. दोनशे गड्यांतले नऊ घरी बसले, साठ बायांतल्या बावन्न; कुंताबाई त्यांतलीच. चौकशीला नागपूरहून एक साहेब आला. बायांसोबत दगडांवर बसून त्यानं सगळं ऐकलं. चार महिन्यांनी त्याचा इंग्रजी अहवाल युनियनच्या खोलीत पोचला. बायांबद्दलचं पान कुंताबाईनं मागून घेतलं आणि शाळेतल्या मधुकरराव गुरुजींसमोर ठेवलं.

"गुरुजी, हा लांबलचक शब्द आमच्यासाठीच लिवला म्हनते. हुकूमच असन ना?"

गुरुजींनी शब्दकोश उघडला. "डिस्प्रपोर्शनेटली. म्हणजे संकट सगळ्यांवर आलं, पण एकाच्या वाट्याला प्रमाणाबाहेर जास्त आलं."

कुंताबाईनं अंगणातले दोन खडे उचलून दोन हातांवर धरले. "इकडं बावन्न, तिकडं नऊ."

"अगदी तेच."

"मंग साहेबाले समजलं! आता घेतीन आमाले परत."

गुरुजींनी शब्दकोश मिटला. "बाई, हा हुकूम नाही. कसं झालं तेवढंच सांगतो हा शब्द. पुढचं साहेबाच्या हातात नाही."

कुंताबाईला ते पटलं नाही. एवढं खरं लिहून कोणी गप्प कसं बसेल? दर सोमवारी ती पान घेऊन खाणीच्या फाटकावर जाऊ लागली. सोबतच्या पुष्पाबाईनं धानाच्या बांधीत रोजी धरली होती. ती वाटेत भेटली की म्हणे, "कुंते, त्या कागदाची भाकर होते का वं? कायले जाऊन राहिली?"

"साहेबानं लिवलं हाये," कुंताबाई म्हणे.

दोन वर्षांनी खाणीच्या कचेरीतून उत्तर आलं. मराठीत होतं. तरी ती गुरुजींकडे गेली.

"अहवालाची नोंद घेण्यात आली आहे," गुरुजींनी वाचलं.

"अन् मंग?"

"एवढंच आहे, बाई."

तिनं दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि सवयीनं तळहातावर तोलून पाहिले. हलके. हात चुकत नव्हता. तिनं ते गुरुजींच्या ओट्यावरच ठेवले. पुढच्या सोमवारी ती फाटकाकडे गेली नाही.