फ्लेक्सवरचा हात

चौकातल्या फ्लेक्सवर भाऊसाहेब बायकोच्या खांद्यावर हात टाकून हसत होते. खाली सोनेरी अक्षरं: ‘सुखी सहजीवनाची पंचवीस वर्षं’. बायको, म्हणजे सुनंदाताई, केव्हाच माहेरी निघून आल्यात हे सगळ्या गावाला ठाऊक; पण निवडणूक जवळ आली की यांचा संसार असा बांबूवर चढतो! आमच्या महिला मंडळाची पत्रकं चिकटवायला शिडी घेऊन गेलेली मी नुसती धुमसत होते. तेवढ्यात खुद्द सुनंदाताईच स्कूटीवरून उतरल्या.

“ए पोरी, शिडी धर. मला माझं तोंड खाली उतरवायचंय.”

“ताई, अख्खाच फाडू की!”

“त्याचा तो राहू दे गं. त्याच्या खोट्यात मी नको, एवढंच.”

कात्रीनं त्यांनी फ्लेक्स मधोमध कापला. भाऊसाहेब वर एकटेच हसत राहिले. त्यांचा पंजा मात्र ताईंच्या तुकड्यावर खाली आला.

मला वाटलं, अशा सुखी संसाराला बाई लागतच नाही, तिचा फोटो पुरतो. फोटो भांडत नाही, निघूनही जात नाही. म्हणून तर ताईंना तो स्वतः येऊन न्यावा लागला.

परवा त्यांच्या गच्चीवर गेले, तर तोच तुकडा उन्हात पसरलेला. शेजारी लाल मिरच्यांची पाटी.

“बघतेस काय? घाल वाळत,” ताई हसत म्हणाल्या, “पहिली ओंजळ त्या हातावर टाक.”