काशीकाकूंचा आंबा

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

रिठदला माझ्या आणि शेजारच्या काशीकाकूंच्या शेतामधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्यांचा आंबा होता. त्यांच्या मालकांनी लावलेला. मालक गेल्यावर काकू दुपारची भाकर त्याच्याखालीच खायच्या. पण सावली माझ्या शेतात पडायची, तेवढ्या पट्ट्यात सोयाबीन खुरटायचं. झाड काढा, असं मी एकदा म्हणालोही होतो. "मी मेल्यावर तोडजो," त्या हसून म्हणाल्या होत्या.

मी कृषी पदविका केलेला. किडीचं काही असलं की गाव मलाच विचारायचं. एका सकाळी काकू पेल्यात लांब मिशांचा भुंगेरा घेऊन आल्या.

"पाय बरं बाबू, घरभर फिरून राह्यले हे. मा आंब्याले काही करतीन काय?"

मी त्यांच्या घरी गेलो. चुलीजवळ बाभळीची वाळकी लाकडं रचलेली, खाली पिवळा भुसा पडलेला. किडा त्या सरपणातून निघाला होता. असला किडा वाळल्या लाकडात वाढतो, धडधाकट उभ्या झाडाला हात लावत नाही. मला माहीत होतं. एवढंच सांगायचं होतं — सरपण बाहेर टाका. किती सोपं होतं ना?

मी म्हणालो, "काकू, हे आंब्यातूनच आले. झाड पोखरलं. ठेवलं तर तुमच्या शेतातली संत्र्याची झाडंही जातीन."

त्यांनीच तोडणाऱ्यांना निरोप धाडला. तोडणारे आले तेव्हा खोडाला हात लावून उभ्या राहिल्या, मग बाजूला झाल्या.

बुंधा आडवा पडला. आतून घट्ट, स्वच्छ. तोडणारा म्हणाला, "काकू, हे तं ठणठणीत हाये!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी बोलायचं होतं — झाड तर गेलंच होतं. पण मी म्हणालो, "कीड खाली मुळ्यांत हाये." ते खोटं पहिल्यापेक्षा वाईट, असं मला वाटतं.

त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यामुळे संत्री वाचली, असं गावभर सांगत राहिल्या. भाकर मात्र उन्हातच, त्याच जागी बसून खायच्या. माझ्या गोठ्याच्या सावलीला बोलावलं, तर आल्या नाहीत.

पुढे त्या अनसिंगला लेकीकडे गेल्या, तिथेच वारल्या. मी खांदा दिला. तेरवीला लेक म्हणाली, "भाऊ, आई शेवटपर्यंत तुमचं नाव काढे."

मी मान हलवली, आणि पानावर बसलो. पोटभर जेवलो.