गजराबाईची काडी

माझी धाकटी नणंद गजराबाई. बेंबळीला दिली होती, धोंडीबाला. त्याचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. त्यानं दुसरी आणली अन् हिला नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलं. चार वर्साची कमळी मात्र ठिवून घेतली. म्हणं, "पोर आमच्या घराण्याची." जणू पोर आभाळातनं पडली होती!

निजामाचं राज, कचेरीत समदं उर्दू. आमाला त्यातलं काय कळतंय? तरी माझे मालक उत्तरेश्वर तिला धाराशिवला वकिलाकडं घेऊन गेले, संगट म्याबी. वकील म्हणाला, "बाई, वेगळी राहिलीस तरी तू त्याची बायकोच. पोटगी मागता येईल, पोरीसाठी दावा लावता येईल. पण तुमच्यात काडीमोड चालते. पंचांपुढं काडीचं एक टोक त्यानं, एक तू धरून ती मोडलीत की नातं तुटलं. मग तू दुसरा पाट लावायला मोकळी, पण पोटगी बुडाली अन् पोर बापाची. जातीची चाल कोर्टही मानतं. काडीला हात लावू नकोस."

"मला पाट नगं, पोटगी नगं," गजरा म्हणाली. "माझी कमळी तेवढी द्या."

दावा लागायच्या आतच धोंडीबानं चावडीवर पंच बोलावले. जावं तर धास्ती, न जावं तर वाळीत टाकतेत. गेलो. वाटभर म्या बजावत होते, "गजरे, हात पदरात ठिव."

"व्हय वैनी."

तशीच बसली ती, पदरात हात बांधून. धोंडीबानं कडब्याची लांब काडी पुढं केली. हिनं मान हालवली. पंचांनी डोळे वटारले, तरी ढिम्म. माझ्या जिवात जीव आला. मग त्या सैतानानं काय करावं? कमळीला पुढं आणलं. सुगीपासनं आईनं लेकीचं तोंड बघितलं नव्हतं! काडीचं एक टोक पोरीच्या हातात दिलं, दुसरं आपल्या हातात ठिवलं. "जा, आईला दे."

पोर हसत आली. "आये, धर."

गजरानं काडी न्हाय धरली वो, लेकीचा हात धरला. पण काडी त्याच हातात होती. धोंडीबानं हिसका दिला अन् ती मोडली.

"मोडली," पंच म्हणाले.

म्या बोंबलले, "ह्याला काडीमोड म्हणता व्हय? लेकराच्या आडून?" पण चावडीत बाईचं कोण ऐकतंय! कमळीला काखोटीला मारून धोंडीबा चालता झाला. पोर "आये, आये" करत लांब गेली. आमी बघत राहिलो, दुसरं काय करणार?

तसंच धाराशिव गाठलं. वकिलानं एवढंच विचारलं, "काडी मोडली?" मालकांनी मान डोलावली. "पंच साक्षीला आहेत," वकील म्हणाला, "आता माझ्या हातात काही उरलं नाही."

घरी आल्यावर बघितलं तर गजराची मूठ मिटलेलीच. आत काडीचा तुकडा. माझं टाळकंच सणकलं. "घाल ती अवदसा चुलीत!"

तिनं मूठ छातीशी धरली.

"नगं वैनी. कमळीनं दिलीया."