खालच्या खोक्यातला मदरबोर्ड

"अरे वरचा नको! वरचा नको म्हणून किती वेळा सांगायचं? तो खालचा काढ, सगळ्यात खालचा, धूळ बसलेला!"

"काका, वरचा पीस कालच आलाय. एकदम फ्रेश," स्टुलावर चढलेला दुकानदार म्हणाला.

"म्हणूनच नको!"

ठाण्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात शनिवारी भर दुपारी हे गर्जणारे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोचे मामा. जुन्या मालाशी इतका एकनिष्ठ माणूस कसाऱ्यापासून ठाण्यापर्यंत दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. चौतीस वर्षं ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथला नियम एकच: आधी आलेला माल आधी काढायचा. मामा निवृत्त झाले, नियम मात्र कामावरच राहिला. टिटवाळ्याच्या त्यांच्या घरात डाळीच्या डब्यांपासून टूथपेस्टपर्यंत प्रत्येक वस्तूवर आवक तारखेची चिठ्ठी असते. आदल्या दिवशीच्या पोळ्या संपल्याशिवाय आजच्या पानात पडत नाहीत, त्यामुळे मामींच्या हातची ताजी पोळी कशी लागते हे घरात आजवर कुणालाच ठाऊक नाही. पेपरचंही तेच. एकदा पाहुणे आले म्हणून चार दिवसांचे पेपर साठले, तर पुढे वर्षभर मामा जगाच्या चार दिवस मागे चालत होते. निवडणुकीचा गुलाल धुऊन निघायचा तेव्हा त्यांच्याकडे मतदान चाललेलं असायचं. फार कशाला, माझ्या बायकोला, म्हणजे सुजाताला, दोन स्थळं सांगून आली होती. दुसरा दिसायला बरा, नोकरीलाही बरा. पण मी वयाने दोन वर्षांनी मोठा. मामा म्हणाले, "हा आधीचा आहे. आधी हा निघू दे." माझं लग्न असं जमलं, त्यामुळे या नियमाविरुद्ध बोलायला मला तोंड नाही.

पण त्या शनिवारी बोलायला हवं होतं. सुजाताने ठाण्याच्या ऑफिसातली नोकरी सोडून कल्याणला घरी बसून मशीनची ड्रॉइंग करायला सुरुवात केली होती. साहेब निरोप देताना म्हणाले होते, "सहा महिन्यांत परत यायचं असेल तर सांग, जागा ठेवतो." सहावा महिना चालू होता. आणि आत्ता कुठे डोंबिवलीच्या एका कारखानदाराने तिला अख्ख्या पॅकिंग मशीनचं डिझाइन तपासून दुरुस्त करायला दिलं होतं. चुका तिने कागदावर काढून ठेवल्या होत्या, फाइलमध्ये दुरुस्त करायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. सोमवारी चार वाजेपर्यंत पोचलं तर वर्षभराचं काम, नाहीतर पुन्हा साहेबांच्या दारात. आणि घरचा जुना कॉम्प्युटर ती फाइल उघडायला घेतली की असा घरघरायचा, की शेजारच्या आजी विचारायच्या, "दळण कुठे टाकलंयत?"

सुटे भाग घेऊन नवा कॉम्प्युटर बांधायचं ठरलं आणि मामांना कळलं. कळलं म्हणजे ते आलेच.

खरं सांगायचं तर प्रोसेसर निवडताना मामांनी दुकानदाराची विकेट काढली. तो सोळा कोरचा, म्हणजे सोळा डोक्यांचा, प्रोसेसर गळ्यात मारू बघत होता. मामा म्हणाले, "सोळा कशाला? आमच्या स्टोअरला सोळा माणसं होती. काम मी एकटा करायचो. एकच दे, पण चपळ दे." दुकानदाराने आधी डोकं खाजवलं, मग मान हलवली. "काका, लॉजिक उलटं आहे, पण बरोबर आहे. ड्रॉइंग फिरवायला, बदलायला एका कोरचा स्पीडच जास्त लागतो." मग सुजाताने कमी कोरचा, पण सगळ्यात वेगवान असा नवाकोरा प्रोसेसर घेतला. तो नवा आहे हे मामांना एवढ्यासाठीच चाललं की त्याचा जुना साठाच दुकानात नव्हता.

आता मदरबोर्ड. म्हणजे ज्याच्यावर प्रोसेसर बसवायचा ती पाटी. दुकानदाराने खालचं खोकं काढलं, फुंकर मारली आणि अडला. "मॅडम, हा वर्षापूर्वीचा लॉट आहे. ह्याच्या आतला बायोस जुना असेल. म्हणजे मशीन चालू झालं की कोण कुठे बसलंय ते ओळखणारा प्रोग्राम. तो जुना असला तर नवा प्रोसेसर ओळखणार नाही."

"वर्षभर पडून बिघडला नाही म्हणजे मुरलेला माल आहे," मामा म्हणाले. "तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी माल काढतोय. मला नको शिकवू."

सुजाताने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. खोकं पिशवीत गेलं.

रविवारी दुपारी जुन्या कॉम्प्युटरची डिस्क काढून नव्यात घातली आणि मशीन उभं राहिलं. बटण दाबलं. पंखे फिरले, आत लाल-निळे दिवे लागले आणि स्क्रीन काळाच्या काळा. पुन्हा दाबलं. काळा. मामांनी प्रत्येक स्क्रू पिळला, प्रत्येक वायर उपटून परत खोचली, तरी काळा. सुजाता काही बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही तेव्हा आमच्या घरातला कुकरसुद्धा शिट्टी मारायला घाबरतो. दुकानदाराला फोन लावला. रविवारचं दुकान बंद, फोनही बंद. शेवटी तिने मोबाइलवर बोर्डाची माहिती शोधली आणि मोठ्याने वाचली. अमुक बायोसपासून पुढेच हा प्रोसेसर चालेल. मामांनी चष्मा लावला, खोक्यावरचा स्टिकर पाहिला. त्यावर लिहिलेला बायोस त्याच्या बराच आधीचा होता.

चहा समोर निवला. मामा म्हणाले, "स्क्रूड्रायव्हर दे." बोर्ड सोडवून त्यांनी खोक्यात भरला आणि खोकं मांडीवर घेऊन बसून राहिले.

सोमवारी आम्ही उठलो तर मुक्कामाला थांबलेले मामा आणि खोकं दोन्ही नव्हतं. लोकलच्या गर्दीत बोर्डाला धक्का लागेल म्हणून ते एसटीने ठाण्याच्या खोपट स्टँडला उतरले आणि आठपासून दुकानाच्या पायरीवर बसले. दुकान उघडतं अकराला. हे मला नंतर दुकानदाराने सांगितलं. शटर वर गेल्या गेल्या मामा म्हणाले होते, "तू सांगितलेलं. चूक माझी. पोरीचं काम अडलंय." त्याने बोर्डावर जुना प्रोसेसर बसवून नवा बायोस चढवला, मग आमचा प्रोसेसर परत बसवला. पाऊण तासाचं काम.

इकडे आम्ही घड्याळाशी कुस्ती खेळत होतो. बारा. साडेबारा. मामांचा फोन लागेना. सुजाताने साहेबांचा नंबर काढून टेबलावर ठेवला होता. दीडला मामा आले. शर्ट पाठीला चिकटलेला, खोकं छातीशी. बोर्ड बसवताना त्यांनी एकही सूचना दिली नाही, हे पाहून मीच प्रत्येक स्क्रू दोनदा पिळला. बटण दाबलं. स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह उमटलं आणि सुजाता माझी खुर्ची माझ्यासकट बाजूला ढकलून कामाला बसली.

चारला दहा मिनिटं कमी असताना फाइल गेली. संध्याकाळी कारखानदाराचा फोन आला, "मॅडम, पुढच्या मशीनचं डिझाइन कधी घेताय?" सुजाता आतून ओरडत आली तेव्हा मामा चपला घालून निघाले होते. थांबा म्हटलं तर म्हणाले, "मामी वाट बघत असेल."

काम वाढलं. हाताखाली एक मुलगी घ्यायची म्हणून यंदा दुसरा कॉम्प्युटर बांधायचं ठरलं. सुजाताने टिटवाळ्याला फोन केला. "मामा, शनिवारी ठाण्याला येताय ना? बोर्ड निवडायचाय."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"दुकानदाराला विचार गं," मामा म्हणाले. "त्याला कळतं."