नामी नावाची नर्स

यावलजवळच्या केळीच्या बागांच्या एका गावात सहासष्ट सालापासून नामी नावाची नर्स होती. लोकांना वाटायचं, बाई कामाला नामी, म्हणून नाव नामी. खरं तर ते इब्री, म्हणजे हिब्रू नाव. तिचे वडील सुकदेव मास्तर धुळ्याच्या ख्रिस्ती वस्तीत शिकवायचे. त्यांनी ते पवित्र शास्त्रातून, म्हणजे बायबलातून काढलेलं. अर्थ गोड, मनोहर. शास्त्रातली नामी नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून गावी परतते आणि बायकांना म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू.

अडुसष्ट साली नामी भाचीच्या लग्नाला धुळ्याला गेली. रजा दोन दिवसांची होती. बहिणीनं आग्रह केला आणि ती तिसऱ्या दिवशीही राहिली. त्याच दिवशी केळीच्या बागेत मजुरी करणारी सकीना बाळंतपणात अडली. नवऱ्यानं, अन्वरनं, तिला बैलगाडीतून आणलं, तर दवाखान्याला कुलूप. तशीच गाडी यावलला हाकली, पण बाळ वाचलं नाही.

परतल्यावर नामी सगळ्यांना म्हणाली, "एसटी बंद पडली हो वाटेत."

लोकांनी विश्वास ठेवला. "तुमचा काय दोष, नामीबाई?" असंच जो तो म्हणे. ते नाव तिला टोचायला लागलं. एकदा न राहवून ती शेजारच्या इंदिराबाईंना म्हणाली, "मला मारा म्हणत जा."

"आं? कोणाले मारा?" इंदिराबाई खो खो हसल्या. नामीही हसली.

चार महिन्यांनी ती सकीनाच्या घरी गेली. सकीना ज्वारी पाखडत होती.

"एसटी बंद पडली नव्हती," नामी म्हणाली. "मी लग्नघरीच राहिले होते. पंगतीत वाढत होते."

सूप थांबलं. सकीना म्हणाली, "एसटीवर राग धरून होते मी. तेच बरं होतं. आता तुमचं तोंड रोज बघायचं."

नामीनं वरिष्ठांनाही लेखी कळवलं. ताकीद मिळाली. तिला ती शिक्षा फार थोडी वाटली.

सत्तर साली सकीनाला पुन्हा दिवस गेले. नववा महिना भरत आल्यावर ती आपणहून दवाखान्यात आली, खाटेवर टेकली. "पोर होईपर्यंत तुम्ही कुठं जायचं नाही," एवढंच म्हणाली.

नामी अकरा दिवस गावाबाहेर पडली नाही. मधेच बहीण आजारी असल्याची तार आली, तरी गेली नाही. सकीनाला मुलगी झाली, धडधाकट. तिनं नाव ठेवलं सितारा. माफ केलं का, हे नामीनं विचारलं नाही आणि सकीनानंही सांगितलं नाही.

बहीण बरी झाली, पण दोन वर्षं नामीशी बोलली नाही. का आली नाहीस, याचं कारण नामीनं तिला कधीच सांगितलं नाही. सांगायचं तर लग्नातला तो आग्रहही सांगावा लागला असता.